कुरुंदकर कुठून वाचावेत?

नांदेड

चि. सोनूस,


आपल्या मराठवाड्यात तत्त्वचिंतक म्हणावा असा कुणी झाला का, असं तू फोनवर विचारलंस. लातूरच्या ट्यूशन एरियात नीटची तयारी करणाऱ्या पोरीला हे विचारायला सुचावं, याचंच मला अप्रूप.

झाला. नरहर कुरुंदकर. जन्म १९३२चा, मूळ गाव वसमतजवळचं कुरुंदा. नांदेडला आधी प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, शेवटी तिथलेच प्राचार्य. इंटरला ते नापासही झाले होते. (हे आईला वाचून दाखवू नकोस, आणि स्वतःसाठी सवलत म्हणूनही वापरू नकोस.)

भरताचं नाट्यशास्त्र, इंग्रज समीक्षक रिचर्ड्सची कलामीमांसा, गांधी, सेक्युलॅरिझम, हैदराबादचा मुक्तिलढा. शिकवायचे मराठी, पण लिहीत या सगळ्यावर. मला विषयांपेक्षा त्यांची रीत मोलाची वाटते. उदाहरणार्थ, मनुस्मृतीवर लिहिताना तिचे समर्थक काय म्हणतात ते आधी नीट मांडायचं, कधी तर त्यांना स्वतःला जमलं नसतं इतकं नीट, आणि मग एकेक मुद्दा खोडायचा. आपल्याकडे वाद म्हणजे आवाज चढवणं, म्हणून ही रीत अंगवळणी पडायला वेळ लागतो.

रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या शिवाजी महाराजांवरच्या कादंबरीला त्यांची प्रस्तावना आहे, खरं तर ते देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्रच. लढाया जिंकणारे राजे पुष्कळ झाले, मग शिवाजी वेगळा कशाने? कुरुंदकर बोट ठेवतात ते महाराजांच्या मृत्यूनंतरच्या काळावर. १६८०ला महाराज गेले, संभाजीराजे मारले गेले, रायगड पडला, तरी १७०७ला औरंगजेब मरेपर्यंत माणसं लढत राहिली. ती कशासाठी? या सनावळ्या तू शाळेत पाठ केल्यास, पण हा प्रश्न तुला कुणी विचारला नसेल.

१० फेब्रुवारी १९८२ला औरंगाबादेत ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. आता इकडे त्यांचं नाव घेतलं की वाद मिटला असं समजतात, त्याची मला चीड येते. त्यांच्याशीही भांडावं. तर्कावरचा त्यांचा भरवसा मला कधीकधी अति वाटतो. नुसत्या युक्तिवादाने बदललेली माणसं मी फार पाहिली नाहीत.

त्यांचं ‘जागर’ हे पुस्तक माझ्याकडे आहे, दिवाळीला आलीस की घेऊन जा. तोवर ती प्रस्तावना तेवढी मिळव आणि वाच. कादंबरी परीक्षेनंतर.

तुझा,
आजोबा