आधी ज्याचे त्याला



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपण घर झाडतो, देव उजळतो, पारायणाला बसतो. यंदा आमच्याकडे झाडणे जरा जास्तच झाले. सालेकसा येथील वडिलोपार्जित कवेलूचे घर सोडून आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी दोन खोल्यांच्या स्लॅबच्या घरात राहायला आलो. जुने घर सात खणांचे, वर माळा, मागे धानाची कोठी. नव्या घरात एक कपाट आणि भिंतीतल्या दोन फळ्या. म्हणजे सामान निवडणे आलेच.

अवधूताच्या चोवीस गुरूंवर मी आजवर किती ठिकाणी बोललो याची गणती नाही. श्रीमद्‌भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा त्या निरिच्छ अवधूताला विचारतो, तू इतका आनंदात कसा? आणि तो पृथ्वी, वायू, आकाश यांच्यापासून सुरुवात करून आपले गुरू सांगतो. त्यात साप आहे. साप स्वतःचे घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो. हे सांगितले की श्रोते हमखास हसायचे, मीही हसायचो. पण सापाजवळ सामान नसते म्हणून त्याला हे जमते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली ती माळ्यावर चढल्यावर!

काय काय निघाले म्हणता? तळ गेलेले तीन पितळी गुंड. कान तुटलेल्या कढया. लग्नात आलेले आणि पुढच्या लग्नात द्यायचे म्हणून ठेवलेले टॉवेल-टोप्या, तेही कसर लागलेले. पोरांची दहावीची पुस्तके, आणि पोरांची पोरे आता कॉलेजात. एका डब्यात नुसती झाकणे. घरची प्रत्येक वस्तूला म्हणे, ‘‘राहू द्या, कामी येईल.’’ मी रागावलो. मग माझ्या पोथ्यांच्या लाकडी पेटीची पाळी आली, तेव्हा मीही तेच म्हणालो.

या निमित्ताने एक बोलून घेतो, कारण पुष्कळ जण विचारतात. जुन्या तसबिरी आणि फाटक्या पोथ्या यांचे काय करायचे? आमच्याकडे दत्तप्रभूंच्याच पाच तसबिरी निघाल्या. अशा तसबिरी पिंपळाखाली किंवा औदुंबराच्या पारावर ठेवून लोक निघून जातात. मग पावसात काच फुटते, चित्र चिखलात जाते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला लागते. ही आपल्या घरची अडगळ आपण देवाच्या दारात टाकली, दुसरे काय? काच आणि चौकट वेगळी काढावी, नमस्कार करून चित्राचा कागद पाण्यात विरघळवावा आणि ते पाणी झाडाला घालावे. चकचकीत प्लास्टिकचा कागद विरघळत नाही, तो नदीतही सोडू नये. पोथीची शिवण सुटली असेल तर बांधून घ्यावी. वाचणारा कोणी असेल तर त्याला विचारून द्यावी. न विचारता मंदिरात गठ्ठा आणून ठेवू नये, मंदिराचा माळाही भरलेलाच असतो.

कपड्यांचेही तसेच. जो सदरा मी घालणार नाही, ज्याला गुंड्या नाहीत, तो गरिबाला देऊन मी दान केले म्हणणे बरे नव्हे. घरचीने गुंड्या लावल्या, धुतले, घड्या घातल्या, मग दिले. उरलेले फरशी पुसायला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. सांगायला जड जाते, पण दुसऱ्यांना चोवीस गुरू सांगणाऱ्याने आपले झाकून ठेवू नये.

कोठीच्या मागे कोनाडा होता. त्यात वडिलांची पत्र्याची डबी. डबीत लाल फडक्यात बांधलेली चांदीच्या कड्यांची जोडी, आणि वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी. वर एका बाईचे नाव, गावाचे नाव, आणि खाली दोनच ओळी : धान पोचले. वस्तू देणे.

वडील अडल्यानडल्याला धान देत. कोणी विश्वासाखातर एखादा दागिना ठेवून जाई. या बाईने घेतलेले धान परत केले होते. कडे द्यायचे राहिले आणि वडील गेले.

मंडळी, चिठ्ठी वाचली आणि मला घाम फुटला. कारण ती बाई आली होती. वडिलांच्या तेरवीनंतर महिन्याभरात एक दिवस अंगणात येऊन उभी राहिली. हात जोडून म्हणाली, ‘‘माझे कडे तेवढे पाहा जी.’’ मी म्हणालो, बाबांनी मला काही सांगितले नाही. सापडले तर कळवीन. ती गेली. मी शोधले नाही. खोटे बोललो नाही, हे खरे. पण शोधलेही नाही. याला तीस वर्षे होऊन गेली. त्या तीस वर्षांत त्याच घरात किती पारायणे झाली! कोनाडा आणि देवघर यांच्यामध्ये एक भिंत तेवढी होती.

चोवीस गुरूंत कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा असतो, आणि ज्यांना मिळाला नाही असे बळकट पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तो तुकडा टाकून देतो आणि सुखी होतो. मी हा दृष्टांत नेहमी संग्रहाच्या त्रासावर लावत आलो. मधमाशीचाही तसाच : ती साठवते, आणि मध काढणारा पोळ्यासकट घेऊन जातो. सगळे आपल्या सुखदुःखाचे बोलणे. साठवले तर मला त्रास, टाकले तर मला सुख. पण चोचीतला तुकडा दुसऱ्याचाच असला तर? मग तो खाली टाकून चालत नाही. तो नेऊन द्यावा लागतो. आम्ही आठ दिवस प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारत होतो, ठेवायची की टाकायची. ही कोणाची, हे एकदाही विचारले नव्हते.

घरची म्हणाली, ‘‘अहो, आधी हे देऊन या. बाकीचे मग पाहू.’’

गाव दरेकसाच्या बाजूला, जंगलाकडे. शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर बसून गेलो. बाई वारून बरीच वर्षे झाली होती. तिची लेक भेटली. तिचेही केस पांढरे झालेले. खळ्यावर धान पाखडत होती. मी फडके पुढे केले, सोडून दाखवले. तिने कड्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले, ‘‘किती पैसे द्या लागतील, गुरुजी?’’

तिला वाटले, मी वसुलीला आलो.

मी चिठ्ठी वाचून दाखवली. काही देणे नाही, आमच्याकडेच राहिले होते, चूक आमची, असे दोन-तीनदा सांगावे लागले. मग ती एवढेच म्हणाली, ‘‘माय पुसत होती शेवटी शेवटी.’’ कडे हातात घालून पाहिले नाहीत. पदरात बांधले आणि सूप उचलले. मला पाणी दिले, गूळ दिला. माफी मागायचे शब्द घरून ठरवून नेले होते. ते तसेच परत आणले.

नृसिंह सरस्वती महाराजांचे चरित्र आपण दरवर्षी वाचतो. महाराजांनी किती वेळा स्थान बदलले पाहा. औदुंबरला चातुर्मास केला, पुढे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर बारा वर्षे राहिले, मग गाणगापूर. वाडी सोडताना योगिनींनी अडवले, तेव्हा तिथे पादुका ठेवल्या. गाणगापूर सोडतानाही तेच. शेवटी पाताळगंगेत फुलांच्या आसनावर बसून निघाले, आणि पोचल्याची खूण म्हणून चार शिष्यांसाठी प्रसादाची चार फुले वाहत आली. महाराज जाताना काय घेऊन गेले याचा पोथीत कुठे हिशेब नाही. कोणासाठी काय ठेवले याचा आहे. घरच्यापाशी मी हे बोललो तर ती म्हणाली, ‘‘महाराजांपाशी कोणाचे कडे राहिले नव्हते.’’

नरसोबाच्या वाडीला पावसाळ्यात गेलेल्यांनी पाहिले असेल. कृष्णेचे पाणी चढत मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला लोक लांबून येतात. पाणी वाढले की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पादुका जागेवरच, पाण्याखाली. म्हणजे देवालाही जागा बदलावी लागते. पण काय उचलायचे आणि काय ठेवायचे हे तिथे आधीच ठरलेले असते. पाणी दारात आल्यावर माळा कोणी उपसत बसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या शिरोळ तालुक्यात गावेच्या गावे पाण्यात गेली, लोक नेसत्या वस्त्रानिशी निघाले. आपल्याला निवडायला सवड मिळते, ही दत्तकृपाच म्हणायची. शेवटच्या प्रवासाआधी ती मिळेलच असे नाही.

दरेकसाहून आल्यावर आम्ही काम पुन्हा पहिल्यापासून केले. या वेळी दुसऱ्यांचे आधी वेगळे काढले. काय सांगू, अर्धी खाट भरली! शेजाऱ्यांचे घंगाळ, कोणाच्या तरी लग्नात आणलेले. भजनी मंडळाची एक झांज. दुसरी मंडळाकडे, म्हणजे इतकी वर्षे दोन्ही मुक्या. एका गृहस्थांची पोथी, आत त्यांच्या हातच्या खुणा. ते गृहस्थ आता नाहीत. मुलाला दिली तर तो अक्षर पाहत दारातच उभा राहिला. दोन वस्तू कोणाच्या ते आठवत नाही. त्या नव्या घरात दाराजवळच ठेवल्या आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

आमचे स्वतःचे जे उरले ते छोट्या गाडीत मावले, वर जागाही राहिली. झाकणांचा डबा आलाच, त्याला माझा इलाज नाही.

वडिलांची चिठ्ठी मात्र अजून माझ्याकडे आहे. वस्तू दिली, कागदाचे काम संपले, पण टाकवत नाही. गुरुचरित्रात महाराजांच्या निजानंदगमनाच्या अध्यायापाशी ठेवली आहे. घरची म्हणते, कागद पिवळा पडला आहे, पोथीला डाग लागेल. तिचे खरे आहे. या पारायणापुरती राहू दे म्हटले.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!