यंदाची गाबोळी

सातपाटीच्या खाडीत बोटी उभ्या. १ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. तांडेल काका आणि पालघरला प्राणिशास्त्र शिकणारी त्यांची पुतणी यांचं हे बोलणं.

काका : सगळी ताकद गाबोळीत घालून पापलेट यंदाच मोकळा का होत नाही?

पुतणी : ऑक्टोपसची मादी होते की! अंडी घातली की खाणं सोडते, राखण करते, पिल्लं सुटेपर्यंत मरते. पापलेट थोडं बळ अंगासाठी राखतो. मोठ्या मादीच्या पोटात अंडी जास्त. जॉर्ज विल्यम्सने १९६६ साली हेच मांडलं : आज विणीवर खर्चलेलं बळ उद्याच्या विणीतून वजा होतं.

काका : मासा हिशेब मांडतो होय?

पुतणी : मासा नाही मांडत. राखून ठेवणाऱ्यांची पिल्लं जास्त जगली, तर तो स्वभाव पुढे चालतो.

काका : पण राखणाऱ्याला पुढचं वर्ष दिसायला हवं ना? सातपाटी ते तारापूर जाळीच जाळी.

पुतणी : न्यूफाउंडलंडच्या कॉडचं तसंच झालं. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, पण त्याआधीच तो लहान वयात, लहान अंगानं विऊ लागला होता. उशीर करणारे विण्याआधीच जाळ्यात जात होते.

काका : म्हणून तर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, १३५ मिलिमीटरहून लहान धरायचा नाही अशी मर्यादा घातली. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, मोठा ठेवा म्हणतात.

पुतणी : ठेवायलाच हवा. पिल्लांना निदान एकदा विता येईल. पण त्यातही गोम आहे. लहान सुटतात, धीरानं वाढलेले मोठे अडकतात. दंड पुन्हा धीर धरणाऱ्यालाच.

(इथे काका बराच वेळ गप्प. मोठा पापलेट धरल्याचा अभिमान बाळगलेल्या माणसाला हे ऐकणं सोपं नाही.)

काका : म्हणजे माझं आणि पापलेटचं दुखणं एकच. मी सोडला तर पलीकडचा ट्रॉलर उचलणार. मग मी का थांबू?

पुतणी : एक कसं, काका? पापलेटला दुसऱ्या पापलेटशी बोलून ठरवता येत नाही. तुम्हाला पलीकडच्या तांडेलाशी बोलता येतं.

काका : बोललो, बाय. तो म्हणाला, तू आधी थांब.

पुतणी : मग थांबलात?

काका : बोटीचा हप्ता थांबतो का?

पुतणी : नाही. पण नवं जाळं घ्यायचंय ना तुम्हाला? आस किती सांगणार आहात?