मृताला दिलेलं मडकं कोणाचं?

घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968पासून उत्खनन केलं, तेव्हा घरांच्या भुईखाली पुरलेली लहान मुलं सापडली. दोन मातीचे कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले, आत बाळाचा देह आणि सोबत तोटीचं भांडं किंवा वाडगा. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसांनी लिहून काही ठेवलं नाही; पण मेलेलं मूल त्यांनी घरापासून दूर केलं नाही आणि रिकाम्या हातीही पाठवलं नाही, एवढं स्पष्ट दिसतं. देणाऱ्याने ते भांडं परत मागण्यासाठी दिलं नव्हतं आणि घेणारा ते कोणाला विकू शकत नव्हता. मग जुनी मडकी, जुने दिवे हौसेने जमवणाऱ्याकडे अशा वस्तूची मालकी येते कुठून? माझ्या मते ती येतच नाही. वस्तू सांभाळता येते, आपली म्हणता येत नाही.

कायद्याने हा प्रश्न सुटत नाही. रोमन काळात पॅलेस्टाइनमधल्या कातळातल्या थडग्यांत मातीचे दिवे ठेवले जात. आज इस्राएलमध्ये प्राचीन दिवे परवानाधारक दुकानांत राजरोस विकत मिळतात. आपल्याकडे 1972च्या कायद्याने खासगी व्यक्तीला पुरावस्तू परदेशी पाठवायला बंदी आहे. हद्द ओलांडली की नियम बदलतो, मृताला दिलेल्या वस्तूचं स्वरूप मात्र बदलत नाही. यावर वेदान्ती आक्षेप घेईल: छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मातीच्या गोळ्याचा दाखला देतो, सत्य ती माती, मग एका घटाचं एवढं काय? पण हा युक्तिवाद संग्राहकाच्या उपयोगाचा नाही. मातीच खरी असेल, तर कुंभारवाड्यातली नवी पणतीही तितकीच खरी. जुन्या पणतीसाठी जो जास्त पैसे मोजतो, तो तिला लाभलेल्या माणसांच्या श्रद्धेचेच मोल देत असतो. जिच्यामुळे वस्तू मोलाची झाली, ती श्रद्धा व्यवहाराच्या वेळी निरर्थक कशी ठरवायची?

याहून अवघड आक्षेप असा, की पुरातत्त्वज्ञही थडगं उघडतोच. खरं आहे, आणि त्याच्या हातूनही त्या मृताची शांतता मोडते. फरक असा की तो कोणता कुंभ कुठे, किती खोल, कोणत्या भांड्याला लागून होता याची नोंद करतो. तोंडाला तोंड लावलेले दोन कुंभ वेगळे करून दोन घरी गेले, तर बाळाचं दफन कायमचं पुसलं जातं. उरतात फक्त दोन मडकी. नांगराखाली किंवा जेसीबीखाली फुटण्यापेक्षा कपाटात राहिलेलं बरं, असंही म्हटलं जातं. फुटणारं मडकं जरूर वाचवावं, पण वाचवणारा त्याचा विश्वस्त होतो, मालक नव्हे. सापडल्या जागेची माहिती देऊन ते संग्रहालयाकडे सोपवणं हे त्याचं कर्तव्यच ठरतं. याचा अर्थ संग्रह करणं हेच पाप, असा नाही. दिनकर केळकरांनी घरोघरचे दिवे, भांडी, अडकित्ते जमवले आणि 1975मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. घरातला दिवा द्यायचा की नाही, हे त्या घरातली माणसं ठरवू शकत होती. इनामगावच्या बाळाच्या वतीने होकार देणारं कोणीही उरलेलं नाही.