ज्याचं जळतं त्याला कळतं

आपल्या म्हणी बहुधा अनुभवी आणि काहीशा थकलेल्या माणसांनी रचल्या असाव्यात. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही त्यांतलीच एक. कुणाचे दुःख ऐकून झाले आणि पुढे काय बोलावे ते सुचेनासे झाले, की आपण ही म्हण उच्चारतो, एक उसासा टाकतो आणि चहाचा कप उचलतो. संभाषणाला बाहेरून कडी घालायला हिच्याइतकी सोयीची म्हण दुसरी नाही. मला मात्र गेली काही वर्षे ती नुसत्या अलंकारिक अर्थाने वापरता येत नाही. कारण माझे पाय खरोखरीच जळतात.

दिवेलागण झाली की तळव्यांत आधी नुसती ऊब जाणवते. ती ओळखीची झाली आहे. दारात उभ्या राहिलेल्या नकोशा पाहुण्यासारखी. मग ती घोट्यांपर्यंत चढते आणि तासाभरात पाय लालबुंद होऊन तव्यावर ठेवल्यासारखे भाजू लागतात. हात लावून पाहिला तर कढत लागतात. ताप नसतो, जखम नसते. थोडे चालणे, पायांत मोजे, कढत पाणी, उबदार पांघरूण, यांतले काहीही निमित्ताला पुरते. पाय गार झाले की दुखणे ओसरते आणि सकाळी पाहावे तर पाय इतरांच्या पायांसारखेच! डॉक्टरांनी त्याचे नाव एरिथ्रोमेलाल्जिया असे सांगितले. लाल, अवयव आणि वेदना अशा तीन ग्रीक शब्दांची ती मोट आहे. फिलाडेल्फियाच्या सायलस वेअर मिचेल या वैद्याने ती १८७८ साली बांधली. दुखणे दुर्मिळ आहे. परंतु मधुमेहाने मज्जातंतू दुबळे झाल्यामुळे तळपायांची आग होणारी माणसे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. म्हणून हे लिहिणे केवळ माझ्या पायांविषयी आहे असे वाचकांनी समजू नये.

आग म्हटली की बर्फ आठवतो. बर्फाच्या पाण्यात पाय बुडवले की क्षणात स्वर्ग हाती आल्यासारखे वाटते आणि त्यातच खरी मेख आहे. पाय तासन् तास पाण्यात राहिले तर कातडी भिजून पांढरी पडते, चिरते, पुढे जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. शिवाय बर्फातून बाहेर काढलेला पाय गरम होऊ लागला की आग पहिल्यापेक्षा जोराने उसळते. माणूस पुन्हा बर्फाकडे धावतो. जो उपाय आजाराची भूक वाढवतो त्याला उपाय म्हणू नये, हे या दुखण्याने शिकवलेले पहिले शहाणपण.

खरा गारवा साधा असतो आणि थोडा थोडा घ्यायचा असतो. ऊब जाणवताच उठून शहाबादी फरशीवर पाय टेकावेत. तो तुकडा तापला की पाऊल शेजारच्या फरशीवर सरकवावे. पाय उशीवर उंच ठेवावेत. सुती पंचा साध्या पाण्यात पिळून पायांवर अलगद टाकावा आणि पंख्याचा झोत तिकडे वळवावा. थोड्या वेळाने तो काढून पाय कोरडे करावेत. हे शास्त्र आपल्या माठाचेच आहे. मडक्याच्या अंगातून पाझरलेले पाणी वाऱ्यावर उडून जाताना आतली उष्णता घेऊन जाते. बाजारहाट सकाळीच उरकावा, चप्पल उघडी आणि सैल घालावी, आणि रात्री पांघरुणाबाहेर पाय काढून निजताना लाजू नये. समुद्रमंथनातले हलाहल प्यायल्यावर शंकराच्या अंगाचा दाह झाला असे पुराणे सांगतात. आपल्या लोकांनी त्या दाहासाठी पिंडीवर अभिषेकपात्र टांगले. त्यातून थेंब थेंब पाणी पडते. पिंडीवर हिमालयाचा बर्फ लोटावा असे कुणाला वाटले नाही. या प्रथेत भक्ती आहेच. पण थोडे वैद्यकही असावे.

इथवर गोष्ट सोपी आहे. अवघड भाग यापुढचा. कारण मी फरशीवर एकटी राहत नाही, घरात राहते.

आमच्या सासूबाईंचे वय पंच्याऐंशी आहे. मार्गशीर्षात त्यांना दोन गोधड्या, कानटोपी आणि बंद खिडकी लागते. त्याच खोलीत मला उघडी खिडकी आणि चालू पंखा लागतो. त्यांचे दुखणे खरे आणि माझेही खरे. मग खोलीचा वारा कुणाच्या हाडांनी ठरवायचा? वयाचा मान म्हणून त्यांच्या, की वेदनेची तीव्रता म्हणून माझ्या? दिवाळी जवळ आली की हाच प्रश्न स्वयंपाकघरात येऊन बसतो. चकल्या तळताना कढईची धग पायांना सोसत नाही म्हणून पंखा लावावा, तर गॅसची ज्योत फडफडते, तेल तापत नाही आणि चकल्या तेल पितात. जाऊबाई तोंडाने काही म्हणत नाहीत. पण पंख्याच्या बटनाकडे पाहतात. अशा वेळी न्याय म्हणजे काय याविषयीचे मोठमोठे ग्रंथ उपयोगी पडत नाहीत. एका माणसाचा गारवा म्हणजे दुसऱ्याची हुडहुडी किंवा तिसऱ्याची बिघडलेली चकली असते आणि तिघांचेही म्हणणे रास्त असते.

या ठिकाणी शहाणी माणसे आपल्याला तितिक्षा सांगतात. शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख ही येतात आणि जातात, ती सहन कर, असे भगवंतांनी अर्जुनाला सांगितले आहे. त्या उपदेशाविषयी मला आदर आहे आणि रात्री दोन वाजता त्याचा आधारही वाटतो. आग चढत असते तेव्हा 'हीही उतरेल' एवढे स्वतःला सांगता आले तर निम्मी तगमग कमी होते, कारण भीतीनेही अंग तापतेच. पण एक भेद मला दिसू लागला आहे. सहनशीलता हा माणसाने स्वतःला करायचा उपदेश आहे. तोच उपदेश पंख्याच्या बटनाशी उभे राहून दुसऱ्याला केला, की त्याचे तत्त्वज्ञान उरत नाही, नुसता नकार उरतो. 'डोकं थंड ठेव' असे ज्याचे पाय पेटले आहेत त्याला सांगणे फारसे कठीण नसते. सांगणाऱ्याचे पाय गार असतात.

आणि नकाराच्या मुळाशी बहुतेक वेळा दुष्टपणा नसतो, संशय असतो. 'इतकं का होतं? सकाळी तर चांगली हिंडत होतीस!' न दिसणाऱ्या वेदनेला पुरावा कुठून आणायचा?

या बाबतीत त्या मिचेलचीच हकिकत विचार करायला लावणारी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तो फिलाडेल्फियाच्या एका लष्करी इस्पितळात मज्जातंतूंना गोळ्या लागलेल्या शिपायांवर उपचार करीत होता. त्यांचे दुखणे माझ्या दुखण्याहून निराळे. पण आग तीच. जखम भरून आली तरी हात किंवा पाय जळत राही. हे शिपाई हाताला सतत ओले फडके गुंडाळून ठेवीत, पाण्याची बाटली जवळ बाळगीत, काही तर बुटांतही पाणी ओतून चालत. कागदाचा खडखडाट किंवा खोलीतून कुणी चालल्याचा धक्काही त्यांना सोसवत नसे. आता गंमत अशी की, लढाई चुकवण्यासाठी सोंग करणारे शिपाई कसे ओळखावेत यावर मिचेल आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १८६४ साली स्वतंत्र लेख लिहिला होता. म्हणजे संशय घेणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. तरीही या ओल्या फडक्यांच्या माणसांचे म्हणणे त्यांनी खरे मानले आणि बारकाईने नोंदवून ठेवले. पुढे या जळत्या वेदनेला 'कॉझॅल्जिया' हे नाव मिळाले, तेही मिचेलमुळेच.

हे वाचून त्याच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता दाटली होती. मग कळले, की याच मिचेलकडे १८८७ साली शार्लट पर्किन्स गिल्मन ही लेखिका मनाच्या आजारासाठी गेली होती. त्याने तिला सक्तीची विश्रांती दिली आणि घरसंसारात राहा, लेखणी पुन्हा हाती धरू नकोस, असा सल्ला दिला. तिच्या सांगण्याप्रमाणे त्या सल्ल्याने ती वेडाच्या काठापर्यंत गेली. त्या अनुभवातून तिने लिहिलेली 'द यलो वॉलपेपर' ही कथा १८९२ साली छापून आली. ज्या कानांनी शिपायाचा शब्द ऐकला, त्याच कानांना बाईचा शब्द ऐकू आला नाही. विश्वास ठेवणे हा माणसाचा कायमचा स्वभाव नसतो. तो प्रत्येक वेळी, प्रत्येक माणसापुढे, नव्याने करावा लागणारा निर्णय असतो.

कुणी म्हणेल, आता विज्ञान पुढे गेले आहे, पुरावा मिळतो. काही अंशी हे खरे आहे. हा आजार ज्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालतो, त्यांच्यात एका विशिष्ट जनुकात दोष असतो, असे २००४ साली चीनमधील संशोधकांनी दाखवले. मज्जातंतूंच्या पेशींना सोडियमच्या ये-जा करण्यासाठी सूक्ष्म दारे असतात. या दोषाने त्यांतले एक दार वाजवीपेक्षा सहज उघडते आणि साध्या उबेची वर्दी मेंदूकडे आगीची म्हणून जाते. याच्या उलट प्रकारही २००६ साली उजेडात आला. उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत तेच दार मुळी चालतच नव्हते. त्यांतला एक मुलगा रस्त्यावर खेळ करीत असे. तो निखाऱ्यांवरून चाले, दंडात सुऱ्या खुपसून घेई आणि त्याला काहीच दुखत नसे. चौदा वर्षांचा होण्याआधीच छपरावरून उडी मारून तो मरण पावला. वेदना मुळीच नसणे म्हणजे सुख, ही माझी समजूत त्या मुलाने पुसून टाकली. एकाच दाराच्या दोन बिघाडांमुळे एकाला निखारा फरशीसारखा आणि दुसऱ्याला फरशी निखाऱ्यासारखी. आपण सारे या दोघांच्या मधे कुठेतरी उभे आहोत आणि आपापल्या जागेवरून दुसऱ्याच्या पायांखाली काय आहे याचा निवाडा करीत असतो!

पण पुराव्याविषयी एक गोष्ट विसरता कामा नये. २००४च्या आधी ज्यांचे पाय जळत होते, ते काही खोटे जळत नव्हते. आजही या दुखण्याच्या कितीतरी माणसांत असा जनुकीय दोष सापडत नाही. माझ्याही दुखण्याचे मूळ सापडलेले नाही. पुरावा हाती येईपर्यंत पंखा बंद ठेवायचा असे ठरवले, तर कित्येकांचे आयुष्य त्या वाट पाहण्यातच जाईल.

म्हणून मला वाटते, 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही म्हण ज्ञानाच्या दृष्टीने खरी आणि आचरणाच्या दृष्टीने अपुरी आहे. माझ्या तळव्यांची आग सासूबाईंना कळणार नाही. त्यांच्या हाडांतली थंडी मला कळणार नाही. पण शेजारच्या घराला आग लागली, तर भाजणे कसे असते हे आधी विचारून आपण बादली उचलतो का? कळणे ही मदतीची अट असती तर जगात कुणी कुणाला पाणी दिले नसते.

सासूबाईंनी हा विचार माझ्याआधी, आणि कुठलाही निबंध न लिहिता केला. तळपायांची आग झाली की तूप लावून काशाच्या वाटीने घासावे, हा त्यांच्या माहेरचा उपाय. घासले की माझे पाय अधिकच तापतात, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटले नाही. "आमच्याकडे सगळ्यांना गुण यायचा," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या रात्री त्यांनी तीच वाटी पाण्यात बुडवून, पुसून, न घासता नुसती माझ्या तळव्याला टेकवून धरली. ती कोमट झाली की पुन्हा बुडवीत. "मला नाही कळत बाई, पण तुला बरं वाटतंय ना?" एवढेच म्हणाल्या. सबंध नीतिशास्त्रात मला याहून पुढे जाता आलेले नाही.

अर्थात ज्याचे जळते त्यानेही काही करायचे असते. गारवा मागायचा, पण बर्फासारखा अधाशीपणाने नव्हे. सगळ्या घराने माझ्यासाठी कुडकुडावे हे मागणे न्यायाचे नाही. आमच्याकडे आता बुटका पंखा माझ्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीलगत असतो. त्याचा वारा सासूबाईंच्या गोधडीपर्यंत पोचत नाही. खिडकीचे एकच दार उघडे असते. चकल्या आम्ही पहाटे पाचलाच तळायला घेतो. जाऊबाई कढईशी उभ्या राहतात आणि मी दूर फरशीवर बसून सोऱ्या फिरवते. कुणाचेच म्हणणे पुरते मान्य झालेले नाही. सगळ्यांचे थोडे थोडे झाले आहे.

दिवाळीच्या दिवसांत तुमच्याकडेही माणसे येतील. त्यांतले कुणी मोजे काढून फरशीवर पाय टेकील, कुणी पंख्याखालची खुर्ची मागेल, कुणी उलट शाल मागेल. का, असे विचारावेसे वाटेल. विचारा हवे तर. पण आधी खुर्ची द्या.