स्वत्व, त्याग आणि स्वीकार

गिरगावात राहून आणि मुंबई उच्च न्यायालयातील वकिली सांभाळून महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी 1930 ते 1962 या काळात धर्मशास्त्राचा जो पाच खंडांचा इतिहास सिद्ध केला, त्यात दान आणि उत्सर्ग (लोकोपयोगासाठी केलेला त्याग) यांचा विस्तृत विचार आहे. या विचाराच्या मुळाशी असलेला प्रश्न असा की, दात्याने वस्तूवरील स्वत्व, म्हणजे मालकी, सोडली आणि घेणाऱ्याने ती अद्याप स्वीकारली नाही, तर मधल्या क्षणी ती वस्तू कोणाची? सी या प्रोग्रामिंग भाषेत पार्सर रचणाऱ्यालाही हाच प्रश्न सोडवावा लागतो.

पार्सर म्हणजे मजकुराचे टोकन नावाचे तुकडे घेऊन त्यांची व्याकरणानुसार मांडणी करणारा प्रोग्राम. फ्लेक्स या साधनाने तयार केलेला, मजकुरातून टोकने वेगळी करणारा वाचक टोकनाची अक्षरे ‘वायवायटेक्स्ट’ या चलामध्ये दाखवतो; परंतु ती जागा उसनी असते, पुढचे टोकन वाचताच तिच्यातील मजकुराचा भरवसा उरत नाही, म्हणून ‘स्ट्रडप’ने स्वतंत्र प्रत काढावी लागते आणि त्या प्रतीबरोबरच, ती कधीतरी ‘फ्री’ने परत करण्याचे कर्तव्यही जन्माला येते. वाचकाने प्रत पुढे सोपवली, पण व्याकरणदोषामुळे पार्सरने ते टोकन टाकून दिले, तर त्याग झालेला असतो, स्वीकार झालेला नसतो, आणि ती मेमरी प्रोग्राम संपेपर्यंत अनाथ राहते. यालाच लीक म्हणतात. पार्सर तयार करून देणाऱ्या बायसन या साधनातील ‘डिस्ट्रक्टर’ ही सूचना नेमक्या अशाच टाकलेल्या टोकनांच्या सोडवणुकीसाठी आहे.

या मधल्या क्षणाबद्दल धर्मशास्त्रात मतभेद आहे: ‘दायभाग’ या ग्रंथाचा कर्ता जीमूतवाहन याच्या मते दात्याच्या त्यागानेच घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न होते, तर ‘मिताक्षरा’ या टीकेचा कर्ता विज्ञानेश्वर याच्या परंपरेत स्वीकाराखेरीज दान पुरे होत नाही. विज्ञानेश्वर स्वत्वाला लौकिक, म्हणजे केवळ शास्त्रवचनाने नव्हे तर लोकव्यवहाराने कळणारे, मानतो, आणि सी भाषेला हे मत विलक्षण लागू पडते: अक्षरांकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरच्या प्रकारात मालक कोण हे कोठेच लिहिलेले नसते, ते केवळ फंक्शन लिहिणारा आणि वापरणारा यांच्यातील संकेतावर उभे असते. दोघांनीही स्वतःला मालक मानले, तर एकच जागा दोनदा मुक्त होऊन प्रोग्रामची मेमरी बिघडते. कोणीच मानले नाही, तर लीक होते.

म्हणूनच येथे मिताक्षरेची भूमिका अधिक सुरक्षित ठरते, कारण तिच्यानुसार शब्दाची प्रत पार्सरने रचलेल्या वाक्यवृक्षात बसवणारे फंक्शन अपयश कळवून परतले, तर स्वीकार झालेला नसतो, स्वत्व बोलावणाऱ्याकडेच उरते, आणि ‘फ्री’ त्यानेच म्हणावयाचे असते.