वाटाड्या

एक फिरतं घर होतं. दिसायला मोटार, पण पोटात दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि खिडक्यांना पडदे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानंतर अशा गाड्या आपल्याकडे थोड्याथोड्या दिसू लागल्या. ही गाडी पुण्याच्या एका कुटुंबाने आठवडाभरासाठी भाड्याने घेतली होती. मुलगा चालवत होता. सून त्याच्या शेजारी, नऊ वर्षांची नात मधल्या बाकावर आणि तिच्यासमोर अण्णा.

अण्णांची सारी नोकरी मोजणी खात्यात गेलेली. त्यांच्या मांडीवर भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा होता. एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, त्यात प्रत्येक नाला, विहीर, देऊळ आणि गाडीवाट. घडीवर फाटू नये म्हणून त्यांनी तो मागून कापडाला चिकटवला होता. या कागदावर त्यांची श्रद्धा होती आणि तिला कारणही होतं. या नकाशांचा पाया पायी चालून मोजलेला आहे. १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटन हा मोजणीदार निघाला, तो वीस वर्षं मोजत मोजत विदर्भापर्यंत आला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. अण्णा एकदा मुद्दाम जाऊन तिच्यावर फूल वाहून आले होते.

मुलाचा भरवसा फोनवर. काचेजवळच्या स्टँडमधून फोन बोले आणि मुलगा चाक फिरवे.

सिल्लोडला चहा प्यायला थांबले तेव्हा अण्णा म्हणाले, “पुढे अजिंठा गाव लागेल. लेणी तिथे नाहीत. गाव वर पठारावर आहे आणि लेणी खाली, लेणापूरच्या शिवारात वाघोरा नदीच्या वळणात. घाट उतरून फर्दापूरला जायचं. तिथल्या टी-पॉइंटला गाडी ठेवायची आणि एसटीच्या बसने चार किलोमीटर आत जायचं.”

“बाबा, फोनमध्ये सगळं असतं हो,” मुलगा म्हणाला. “तो कागद ठेवा आता. उघडला की समोरचं काही दिसत नाही मला.”

बोलणं एवढंच झालं. पण अण्णांनी नकाशाची घडी घातली, तो पिशवीत ठेवला आणि मागच्या पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. थोड्या वेळाने त्यांना झोपही लागली. मला वाटतं, वाट चुकली ती इथेच, सिल्लोडच्या चहाच्या टपरीसमोर. पुढे झाला तो नुसता प्रवास.

अजिंठा गाव गेलं. घाट लागण्याआधीच फोनने वळायला सांगितलं आणि मुलगा वळला. रस्त्याकडेला पाटी होती. नातीने ती वाचली आणि ओरडली, “बाबा, इथे व्ह्यू पॉइंट लिहिलंय!” फोन त्याच वेळी बोलत होता, म्हणून कुणी ऐकलं नाही. कपाशीतून, उघड्या माळावरून गाडी गेली आणि फोन म्हणाला, तुमचं ठिकाण आलं.

ठिकाण खरंच आलं होतं, पण दरीच्या पलीकडे. समोर घोड्याच्या नालासारखा वळलेला काळा कडा आणि त्यात ओळीने कोरलेली लेणी. मधे खोल दरी. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी शिकारीला आला असताना त्याला समोरच्या कड्यावरून दहाव्या लेण्याची कमान दिसली, अशी हकिगत सांगतात. त्याने आत जाऊन खांबावर नाव आणि तारीख कोरली, ती अजून वाचता येते. भोवतालच्या माणसांना लेणी आधीपासून ठाऊक होतीच.

फोनने लेण्यांचा ठिपका बरोबर दाखवला होता आणि त्याच्या जवळात जवळचा रस्ताही बरोबर शोधला होता. मधे कडा आहे, एवढंच त्याच्या हिशेबात आलं नाही. अण्णांच्या नकाशावर तिथे तपकिरी समोच्च रेषा एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्या अशा दाटल्या की जमीन तुटली, हे मोजणीदाराला बघताक्षणी कळतं. पण नकाशा पिशवीत होता आणि मोजणीदार झोपला होता.

तिथून पायऱ्यांची वाट खाली उतरते. अण्णांचे गुडघे त्या पायऱ्यांना तयार नव्हते आणि त्यांना एकटं ठेवून जायला कुणी तयार नव्हतं. दुपारचे तीन वाजून गेले होते. वार रविवार. सोमवारी लेणी बंद.

मुलगा खजील झाला. म्हणाला, “बाबा, आता तुम्हीच सांगा.”

तेव्हा अण्णांनी आल्या रस्त्याने हमरस्त्यावर परत चल म्हणायला हवं होतं. पण त्यांना जिंकल्याचा आनंद झाला होता. त्यांनी नकाशा पसरला, चष्मा पुसला आणि एका तुटक रेषेवर बोट ठेवलं. “ही बघ गाडीवाट. थेट घाटाच्या तोंडाशी निघते. अर्धा वेळ वाचेल.” बाहेर न बघता ते रेषेवरून बोट सरकवत राहिले आणि मुलगा त्या बोटामागे गाडी घेऊन गेला.

ज्याने ती वाट मोजली, त्याने बरोबरच मोजली होती. पण त्याला कित्येक वर्षं लोटली होती. एका वळणापुढे वाट नांगरली गेली होती, त्यावर कपाशी उभी होती आणि तिला काटेरी तारेचं कुंपण होतं. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस पडून गेला होता. मागचं चाक काळ्या मातीत रुतलं. मुलाने पुन्हा फोन उचलला. आता तिथे नेटवर्क नव्हतं. निळा ठिपका जागच्या जागी होता, पण त्याच्याखालचा नकाशा पुसून पांढरा झाला होता. आपण कुठे आहोत ते उपग्रहांवरून कळतं, पण रस्त्यांचं चित्र मोबाइलच्या मनोऱ्यावरून येतं. ते आधी उतरवून ठेवलेलं नसलं, तर उरतो नुसता ठिपका.

बांधावर एक मावशी शेळ्या राखत होती. ती बराच वेळ हे पाहत होती. जवळ येऊन म्हणाली, “मागं घ्या भाऊ. चाकाखाली पऱ्हाट्या टाका, निघंल.” मागच्या हंगामातल्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा तिने स्वतःच ओढून आणला. मग गाडीकडे मान वर करून पाहिलं आणि विचारलं, “उंची किती हो हिची?”

कुणालाच सांगता येईना. पुण्यापासून इतक्या लांब आले होते. फोनला कुणी ते सांगितलं नव्हतं, नकाशाला सांगायची सोयच नव्हती आणि त्या दोघांच्या भांडणात गाडीकडे नीट पाहायचं राहून गेलं होतं.

“येताना बाभळीला घासली तुमची गाडी, मी पाहिलं,” मावशी म्हणाली. “मागं जाताना ध्यान ठेवा.”

अण्णांच्या पिशवीत मोजणीची टेप होती. सुनेने ती टपापर्यंत धरली, नातीने खाली वाकून आकडा वाचला. नऊ फूट आठ इंच. मग सून मागे चालू लागली, नात पुढे. मुलाने काच खाली करून मान बाहेर काढली. बाभळीपाशी मावशीने आपल्या आकडीने फांदी वर उचलून धरली. पाऊण तासाने गाडी डांबरी रस्त्यावर आली. मावशीने पैसे घेतले नाहीत. पाण्याची बाटली मात्र भरून घेतली.

फर्दापूरला पोहोचेपर्यंत अंधार पडला. जेवणं झाल्यावर नातीने गोष्ट मागितली.

अण्णांनी तिला पाली जातकांतली दुसरी गोष्ट सांगितली. वण्णुपथ म्हणजे वाळूची वाट. साठ योजनांचं वाळवंट आणि पाचशे गाड्यांचा तांडा. दिवसा वाळू निखाऱ्यासारखी तापते म्हणून तांडा रात्री चालायचा. पहिल्या गाडीवर एक वाटाड्या बसायचा आणि ताऱ्यांकडे बघून दिशा सांगायचा. शेवटचा टप्पा उरला, उद्या पोहोचणारच म्हणून लोकांनी पाणी आणि सरपण टाकून दिलं. त्या रात्री वाटाड्याचा डोळा लागला. बैल कधी फिरले ते कुणाला कळलंच नाही. पहाटे बघतात तर तांडा कालच्याच मुक्कामावर.

“तारे चुकले?” नातीने विचारलं.

“नाही गं. तारे होते तिथेच होते. बैलही बिचारे चालतच होते.” अण्णा थोडे थांबले. “तुझ्या बाबाचा फोनसुद्धा आकाशाकडेच बघतो. वीस हजार किलोमीटरवर उपग्रह फिरतात. त्यांतले निदान चार दिसले, की तो आपली जागा सांगतो. आणि माझा कागद, तोही खरंच सांगत होता, त्याच्या काळातलं. वाटाड्या मी होतो. दुपारी रागावून झोपलो आणि नंतर डोळे उघडे ठेवून झोपलो.”

“मीही झोपलोच होतो,” मुलगा म्हणाला. “पाटी वाचली होती हिने.”

“मग त्या तांड्याचं काय झालं?”

“त्यांच्या पुढाऱ्याने गवताचा एक हिरवा झुबका पाहिला. म्हणाला, गवत आहे तर खाली पाणी असणार. खणलं, खडक फोडला आणि लागलं पाणी.”

“म्हणजे त्यानेपण खालीच बघितलं,” नात म्हणाली.

सोमवारी कुठे जायचं नव्हतं. मुलाने जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला, नेटवर्क नसलं तरी उघडेल असा. अण्णांनी आपल्या कागदावरच्या त्या गाडीवाटेवर शिसपेन्सिलीने फुली मारली आणि शेजारी तारीख घातली. नातीने एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘९ फूट ८ इंच’ लिहून ती स्टिअरिंगजवळ चिकटवली.

मंगळवारी सकाळी गाडी टी-पॉइंटला लावून चौघं बसने आत गेली. दिवसभर लेणी पाहिली. समोरचा कडा खालून पाहताना, आपण परवा तिथे उभे होतो हे नातीला खरं वाटेना.

परतताना फर्दापूरच्या पुढे एका गावाबाहेर फाटा लागला. फोनने सरळ जा सांगितलं. अण्णांनी कागदावर पाहिलं, तेही सरळच म्हणाले. तरी मुलाने गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि काच खाली केली. नात आधीच खिडकीतून डोकं बाहेर काढून पुढच्या झाडांकडे बघत होती.