गवताविना विटा

वाचन : निर्गम 5:6 ते 6:9



आपल्या मंडळीतला एक तरुण हैदराबादेत हिशेबतपासनिसांच्या मोठ्या कचेरीत आहे. ताळेबंदाच्या दिवसांत रात्री दोनपर्यंत काम चालते. चूक वरच्याची असली तरी बोलणी यालाच, आणि तीही चारचौघांत. तासांच्या नोंदीत मात्र आठच तास लिहायचे, कारण जास्त लिहिले तर ठरलेल्या रकमेत काम बसत नाही. त्याची आई मला म्हणाली, “पाळकसाहेब, पोर देवापासून दूर गेलं. उपासनेला येत नाही, बायबल उघडत नाही.”

त्या संध्याकाळी मी निर्गमाचा हा भाग पुन्हा वाचला.

फारोने गवत देणे बंद केले, पण विटांची संख्या एकानेही कमी केली नाही. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले की तुम्ही आळशी आहात. मार कोणाला बसला? इब्री लोकांतूनच नेमलेल्या नायकांना. आजचा मॅनेजर पुष्कळदा असाच मधला नायक असतो. वरून मार खातो आणि खाली ओरडतो. हे समजून घ्यावे, पण म्हणून त्याचे ओरडणे योग्य ठरत नाही.

पुढचे मात्र आपण घाईने वाचून सोडतो. मोशे देवाचे अभिवचन घेऊन लोकांकडे गेला. सुटकेचीच वार्ता ती! पण त्यांनी ऐकले नाही. का? अविश्वासामुळे, असे वचन म्हणत नाही. मन खचले होते आणि दास्य कठोर होते, म्हणून. राबून पिळून निघालेल्या माणसाच्या कानात सुवार्ताही शिरत नाही, हे पवित्र शास्त्राला ठाऊक आहे. आणि न ऐकल्याबद्दल देवाने तेथे त्यांना रागे भरलेले नाही. त्याने मोशेला फारोकडे पाठवले.

आम्ही पाळक अशा तरुणाला 1 पेत्र 2:18 दाखवून मोकळे होतो. वाईट धन्याचेही सोसा, म्हणतो. पण पेत्राने ते घरच्या दासांना लिहिले. त्यांना राजीनामा देता येत नव्हता. दावीदाने शौलावर हात उगारला नाही हे खरे, पण शौलाने भाला फेकला तेव्हा तो भिंतीशी उभाही राहिला नाही. तो त्या रात्री निसटला. नोकरी सोडणे म्हणजे वधस्तंभ टाकणे नव्हे. अर्थात घरचे हप्ते असतात, बहिणीचे लग्न असते. सर्वांनाच लगेच निघता येत नाही, हेही मी जाणतो.

अशा धाकात आणखी एक गोष्ट होते: खरे बोलणारा उरत नाही. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे आपल्याला माहीत झालेली एन्रॉन कंपनी आठवा. तिचे हिशेब आर्थर अँडरसन ही 1913 साली स्थापन झालेली संस्था तपासत असे. संस्थेतल्याच एका जाणकाराने हरकत घेतली, तर 2001 साली एन्रॉनच्या तक्रारीवरून त्याला त्या कामातून बाजूला केले. 2002 मध्ये ती संस्थाच कोसळली. तिच्यात जगभर सुमारे 85,000 माणसे होती, बहुतेक निरपराध.

आपल्यातही दुकानदार, हेडमास्तर, साहेब आहेत. इफिस 6:9 मध्ये धन्यांना धमकावणे सोडायला सांगितले आहे, ते त्यांच्यासाठीच. संडे स्कूलच्या शिक्षकांनो, विटांचा धडा शिकवताना फारोचे चित्र जरूर काढा, पण मुलांना विचारा, “तुमचे बाबा घरी किती वाजता येतात?” उत्तरे ऐका.

त्या आईला मी सांगितले, “त्याला उपासनेबद्दल विचारू नका. जेवलास का, एवढेच विचारा.” एलीया मरण मागत झुडपाखाली निजला होता, तेव्हा दूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, आणि खाऊन पुन्हा निजू दिले. बोलणे नंतर झाले.

गेल्या महिन्यात तो सुट्टीवर आला. रविवारी शेवटच्या बाकावर बसला आणि पहिल्या गीतानंतर त्याला झोप लागली. एक वडील त्याला हलवायला उठले. मी व्यासपीठावरूनच हाताने त्यांना थांबवले.